आधी निदान...



बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील. गुडघे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मध्ये नातीची परीक्षा होती. पण खरं कारण निराळंच आहे. एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. गोष्ट २०२२ सालची आहे. आमच्या घरातल्यांना ती ठाऊक आहे, पण अर्धीच. त्यातला माझा वाटा मी कुणाला नीटसा सांगितलेला नाही. तो आज सांगते.

माझं माहेर माणदेशातलं. पाऊस कमी, माणसं चिवट आणि जनावरं खिलार. वडिलांच्या वेळेपासून आमच्या दावणीला एक तरी खिलार गाय असतेच. सध्याची जी आहे तिचं नाव चांदी. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची, आणि अनोळखी माणसाकडं तोंड फिरवून बघणारी. माझा धाकटा भाऊ आप्पा आणि भावजय शेती बघतात. गोठ्यात आणखी दोन जर्सी आहेत, आणि खरं सांगायचं तर घर चालतं ते त्यांच्या दुधावर. चांदी वेळेला दोन लिटर देते. पण गल्लीतल्या तीन घरांना तिच्याच दुधाचा रतीब लागतो. त्यांपैकी एका म्हाताऱ्या काकूंकडं तर वीस वर्षं आमचंच दूध जात होतं, आधी चांदीच्या आईचं, मग चांदीचं.

आता २०२२ चा पावसाळा आठवा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. टीव्हीवर अंगभर गाठी आलेली जनावरं दिसायला लागली. सप्टेंबरमध्ये गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची मोहीम सुरू झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर काय, दर तासाला एक नवा संदेश. निम्म्यांत लिहिलेलं की दूध पिऊ नका, माणसाला होईल. हे खरं नव्हतं. लम्पी जनावराकडून माणसाला होत नाही, आणि सरकारनंही तेव्हा तसं वारंवार सांगितलं होतं. पण भीतीला कुठं एवढा धीर असतो?

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. चांदीच्या डाव्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ. वरचे केस गेलेले, मध्ये जरा चिघळल्यासारखं. खाली लिहिलेलं, ‘आत्या, हे काय असेल?’

आता बघा, त्यानं मला का विचारावं? मी मराठीची शिक्षिका. तालुक्याच्या शाळेत माझी उभी हयात गेली. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळं ‘बाईंना विचारा’ ही तिथली सवय आहे. आणि मलाही विचारलेलं आवडतं, हे कबूल करायला हवं.

मी पुण्यात चहा घेत बसले होते. चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘लम्पीच दिसतोय. वेगळी बांधा. दूध कुणाला देऊ नका.’

तीनच वाक्यं. पेपरावर लाल शेरा मारावा तशी. मग चहा संपवून मी भाजी निवडायला बसले.

संध्याकाळपर्यंत ती तीन वाक्यं गावभर झाली होती. भाच्यानं मित्राला दाखवली, मित्रानं घरी सांगितलं. ‘बाई म्हणाल्यात’ म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरचा रतीब बंद झाला. जर्सींचं दूध जिथं जायचं तिथंही ‘चार दिवस थांबा’ म्हणाले. हौदावर जनावरं आणू नका असं आप्पाला दोघांनी तोंडावर सांगितलं. एक आजोबा तर तापलेली सळई घेऊन डाग द्यायला आले होते. भावजयीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं, ही तिची हुशारी.

तिचा मला फोन आला. “वन्सं, चांदी वैरण खातीया, रवंथ करतीया. अंगाला ताप न्हाई. लम्पीत असं असतं का?”

मी म्हणाले, “सुरुवात असेल गं.”

हे उत्तर मी कशाच्या जोरावर दिलं, मला आजही कळत नाही. एकदा शेरा मारल्यावर तो खोडायचा नाही ही मास्तरकीची खोड, दुसरं काय!

गुरांच्या डॉक्टरांना आप्पानं पहिल्याच दिवशी फोन केला होता. पण लसीकरणाच्या धबडग्यात त्यांना यायला चार दिवस लागले. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, तिशीची असेल. त्या दिवशी भाच्यानं मला व्हिडिओ कॉल लावला होता, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिनं गाठीला आधी हातच लावला नाही. आधी ताप घेतला. साडेएकशे एक, म्हणजे गाईला हवा तेवढाच. मग खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठी चाचपल्या. लम्पीत या हमखास सुजतात म्हणे. मग अख्ख्या अंगावरून उलटा हात फिरवला. मग आप्पाला विचारलं, “गाठ किती दिवसांची?”

आप्पा म्हणाला, “बेंदराला धुतली तवा हरभऱ्याएवढी हाताला लागली हुती.”

बेंदूर जुलैमध्ये झाला होता. लम्पी राज्यात आला ऑगस्टमध्ये. मंडळी, मी फोनवर हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. किती गाठी आहेत, कधीपासून आहेत, ताप आहे का, वाढते किती वेगानं... चार साधे प्रश्न. पाचवीतल्या मुलाला गोष्टीचा सारांश लिहायला लावताना सुद्धा मी ‘कोण, कुठे, केव्हा, काय’ विचारते. इथं एक फोटो बघून निकाल लावून मोकळी झाले.

मी आपली चाचरत म्हणाले, “डॉक्टर, म्हणजे लम्पी नाही ना?”

ती म्हणाली, “मला नाही वाटत. लम्पीत एकाच वेळी अनेक गाठी येतात, ताप येतो, जनावर मरगळतं. पण बाई, मीसुद्धा नुसतं बघून ‘नाही’ असं लिहून देणार नाही. नमुना पुण्याला औंधला पाठवते. तोवर वेगळी बांधलीय ती तशीच राहू दे. ते तुम्ही बरोबर केलंत.”

मग जरा हसून म्हणाली, “पण पेपर न वाचताच मार्क दिलेत.”

लागलं मला ते. पण बरोबर होतं. संशय घेण्यात चूक नव्हती. त्या दिवसांत कुणालाही संशय आलाच असता, आणि संशय असेल तर जनावर वेगळं बांधायलाच हवं. मी संशयालाच निदान म्हणून मोकळी झाले, ती चूक.

औंधचा अहवाल आला. लम्पी नाही. मला वाटलं, संपलं. पण गाव कुठलं ऐकतंय! ‘लम्पी न्हाई, मग गाठ कसली?’ हा प्रश्न उरलाच. लोकांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘हे नाही’ एवढंच सांगितलं की माणसाचं समाधान होत नाही, त्याला ‘हे आहे’ असं ऐकायचं असतं. मी एक चुकीचं नाव देऊन बसले होते. ते काढून घेतलं तरी त्या जागी ठेवायला दुसरं नाव कुणाकडं नव्हतं. आपल्या भाषेत नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. एका अनुस्वाराचा फरक! चांदीच्या बाबतीत पहिलं होण्याआधीच दुसरं होऊन गेलं होतं.

मी एसटीनं गावी गेले. डॉक्टर पुन्हा आली तेव्हा मी गोठ्यातच स्टूल टाकून बसले होते. तिनं गाठीत बारीक सुई घालून थोडं ओढलं. पू नाही, तपकिरी पातळ पाणी आलं. म्हणजे गळू नव्हे. ते काचेवर पसरून ती घेऊन गेली आणि दोन दिवसांनी फोन आला. “पेशींचे झुबके दिसतायत. गाठ कातडीतल्या ग्रंथीची असावी असं वाटतंय. पण एवढ्यावरून सांगता येणार नाही. काढून तपासायला लागेल.”

मी विचारलं, “पेशी दिसल्या ना? मग अजून काय पाहिजे?”

तिनं मला समजावलं. सुईनं नुसत्या सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही. आणि गाठ साधी की कॅन्सरची हे बरंचसं त्या मांडणीवरून ठरतं. मला एकदम उमगलं. कुणी एखाद्या वाक्यातले शब्द सुटे करून पिशवीत भरून दिले, तर ते मराठी आहेत एवढं मी सांगेन. पण वाक्य काय होतं, कसं सांगणार? त्यासाठी वाक्य अख्खंच हवं.

तिनं अजूनही पुष्कळ सांगितलं. मी वहीत टिपून घेतलं, सवय जात नाही. गाईच्या कातडीवरची नेहमी दिसणारी गाठ म्हणजे चामखीळ. ती विषाणूमुळं होते, बहुतेक कालवडींना, आणि काही महिन्यांत आपोआप झडते. (लोक तिला घोड्याचा केस बांधतात आणि झडली की श्रेय केसाला देतात!) आपल्या देशात बैलांच्या शिंगाचा कॅन्सर ओळखीचा आहे. शिंग वाकडं होतं, बैल डोकं झटकतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. आमच्या आजोबांच्या एका बैलाचं असंच झालं होतं, तेव्हा त्याला दृष्ट लागली म्हणाले होते. पण घामाच्या किंवा तेलाच्या ग्रंथीची गाठ गाईमध्ये फार क्वचित. कुत्र्यांमध्ये मात्र अशा गाठी नेहमीच्या.

आणि गंमत अशी की गाईच्या अंगावर या ग्रंथी काही कमी नाहीत. तिच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी घामाची एक ग्रंथी आणि तेलाची एक ग्रंथी असते. आपल्या देशी गाईंच्या घामाच्या ग्रंथी विलायती गाईंपेक्षा मोठ्या आणि कातडीच्या पृष्ठभागाला जवळ असतात, त्यामुळं त्या ऊन सोसतात. माणच्या उन्हात जर्सी धापा टाकते तेव्हा चांदी निवांत रवंथ करते, त्यामागं हेही एक कारण. इतकंच काय, कास हीसुद्धा मुळात कातडीचीच ग्रंथी, घामाच्या ग्रंथींच्याच कुळातली. एवढं दूध देणारी कास, पण तिलाही गाठी अगदी क्वचितच होतात.

मी विचारलं, “मग क्वचित म्हणजे होतच नाहीत, की कुणी बघतच नाही?”

ती म्हणाली, “दोन्ही. खरोखरच कमी होतात. पण झाल्या तरी तपासायला कोण पाठवतं? कुणी डाग देतं, कुणी बिब्बा लावतं, कुणी कापून फेकून देतं. गाठ गेली की नावही गेलं.”

ऑक्टोबरच्या मध्यावर चांदीला दवाखान्याच्या खोड्यात उभी केली. गाठीभोवती भूल दिली. आप्पानं कासरा धरला होता आणि भावजय तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. वीसेक मिनिटांत गाठ निघाली. डॉक्टरनं ती अगदी कडेनं कापली नाही, भोवतीनं बोटभर निरोगी कातडी ठेवून कापली. का, तर गाठ पूर्ण आली की नाही हे त्या कडेवरून कळतं. मी मनात म्हटलं, समास! आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर ‘समास सोड’ लिहीत आले, तो इथंही लागतोच.

मग तिनं बाटली मागितली. मोठ्या तोंडाची. कारण फॉर्मलिनमध्ये मांस कडक होतं. बारीक तोंडाच्या बाटलीत कोंबून घातलं तर पुन्हा बाहेर निघत नाही, आणि कोंबताना चेंगरलं तर तपासायच्या कामाचं राहत नाही. भावजयीनं लोणच्याची बरणी धुऊन दिली. गाठ एक भाग तर फॉर्मलिन दहा भाग. बरणी बर्फात ठेवायची नाही, गोठली की पेशी फुटतात. हे सगळं डॉक्टरनं भाच्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलं आणि तो ती बरणी पिशवीत धरून मोटारसायकलवरून शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात देऊन आला.

अहवाल यायला वेळ होता आणि मध्ये दिवाळी आली.

त्या वर्षी वसुबारस २१ ऑक्टोबरला होती. दरवर्षी आमच्या गोठ्यात गल्लीतल्या बायकांची रीघ लागते. चांदीच गल्लीतली एकुलती खिलार गाय, तिचीच सवत्स पूजा. रतीबवाल्या काकू तर काठी टेकत सगळ्यांत आधी येतात. त्या दिवशी भावजयीनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, चांदीच्या अंगावर झूल टाकली. झुलीखाली बरगडीवर टाके होते. आम्ही दोघी निरांजन घेऊन उभ्या राहिलो.

कुणी आलं नाही.

अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग दोघींनीच ओवाळलं. भावजय एक शब्द बोलली नाही. तिनं मला ‘तुमच्यामुळं’ असं तेव्हा म्हटलं नाही आणि आजपर्यंत कधीच म्हटलेलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. रात्री मी आप्पाला म्हणाले, “माझं चुकलं रे.” तो म्हणाला, “आक्का, तू काळजीनंच म्हनलीस की.” काळजीनंच म्हटलं होतं, ते खरंच. पण काळजीनं मारलेला दगडही लागायचा तिथं लागतोच.

दिवाळीनंतर पुण्याला परतताना भाच्याबरोबर मी शिरवळला उतरले. अहवाल तयार होता. तिथं शिकवणाऱ्या एका सरांना मी म्हटलं, मी निवृत्त शिक्षिका आहे, मला ती गाठ दाखवता का? शिक्षक माणूस हा प्रश्न कधी टाळत नाही. त्यांनी मला अर्धा तास दिला.

गाठीचा तुकडा आधी चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून काढतात, म्हणजे त्यातलं पाणी जातं. मग तो मेणात बसवतात. मग त्या मेणाचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुधावरच्या सायीहून पातळ ते काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. मग दोन रंग. एक जांभळा, तो पेशींच्या केंद्राला लागतो, आणि तो येतो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून. दुसरा गुलाबी, तो बाकीच्या भागाला.

डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या! मग हळूहळू दिसलं. गुलाबी मैदानात नळ्याच नळ्या. प्रत्येक नळीला आतून पेशींची एक रांग, आणि तिच्या बाहेरून चपट्या पेशींची दुसरी रांग. सर म्हणाले, “आतल्या रांगेतल्या पेशींची टोकं बघा, तुटून नळीत पडल्यासारखी दिसतात. घामाची ही ग्रंथी अशीच पाझरते. म्हणजे गाठ हिचीच.” मग त्यांनी तुलनेला दुसरी काच लावली, एका कुत्र्याच्या तेलग्रंथीच्या गाठीची. तिथल्या पेशी साबणाच्या फेसासारख्या. त्यांच्यातलं तेल काच तयार करताना विरघळून जातं आणि रिकामे बुडबुडे उरतात. दोन्ही गाठी बाहेरून सारख्याच दिसल्या असत्या. मी फोटो मोठा करून पाहिला असता तरी!

मी विचारलं, “आणि कॅन्सर असता तर?”

“तर या रांगा मोडलेल्या दिसल्या असत्या. पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, आणि कुंपण ओलांडून शेजारच्या भागात घुसलेल्या. इथं दोन्ही रांगा शाबूत आहेत. आणि ही कड बघा, मोकळी आहे.”

घामाच्या ग्रंथीची साधी गाठ. पूर्ण निघालेली. पुढं औषध नाही, फक्त लक्ष ठेवायचं. एवढंच होतं ते.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. भाचा म्हणाला, “आत्या, रडतेस कशाला? चांगलाच रिपोर्ट आहे ना?”

आप्पानं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गल्लीतल्या प्रत्येक घरी नेला. इंग्रजीत होता म्हणून मी त्याच्यामागं मराठीत लिहून दिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘मी आधी लम्पी म्हटलं होतं ते चूक होतं,’ आणि सही. एवढ्या वर्षांत मी हजारो वह्यांवर सही केली असेल, पण या सहीला हात थोडा थरथरला. एकेक करून रतीब सुरू झाला. जर्सींचं दूधही जायला लागलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती केव्हाच, जरा मिरवूनच, लिहिली असती. पण संपली नाही.

आप्पा कागद घेऊन मागच्या आळीतल्या एका घरी गेला तेव्हा त्या घरातला माणूस कागद वाचता वाचता खाली बसला. मागच्या खोपटात त्याचं वासरू पडलेलं होतं. अंगभर गाठी, पाय सुजलेले, तोंडात फोड. खरा लम्पी. त्यानं आठ दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. आप्पानं विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, “तुमचं काय झालं त्ये बघितलं की आमी.”

डॉक्टर तासाभरात आली. पण वासरांना हा आजार मोठ्या जनावरांपेक्षा जास्त झोंबतो. ते तिसऱ्या दिवशी गेलं. त्याच आळीतल्या आणखी दोन जनावरांना लागण झाली. ती दोन्ही वाचली. वेळेवर सांगितलं असतं तर वासरू वाचलं असतं का, हे मला कुणी सांगू शकणार नाही आणि मी विचारलंही नाही. पण ते खोपटात का लपवलं गेलं, याचं उत्तर माझ्या त्या तीन वाक्यांत आहे, एवढं मला कळतं. आमच्या घरातल्यांना ठाऊक नसलेला अर्धा भाग तो हा.

असो.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाची ओळख पटवणं. दुसरा ‘कमीत कमी’. निदान एकदा येऊन जा, निदान पत्र तरी टाक, असं आपण म्हणतो. शाळेत मी हा शब्द अनेकार्थी शब्दांच्या यादीत शिकवत असे, आणि मुलं पाठही करत. आता वाटतं, हे दोन अर्थ एकमेकांपासून तितके लांब नाहीत. निदान प्रश्न तरी विचारावेत. निदान हात लावून तरी बघावं. निदान ‘मला ठाऊक नाही, डॉक्टरना विचारा’ एवढं तरी म्हणावं. मी निदान एवढंही केलं नव्हतं.

ज्यांच्याकडं गुरं आहेत त्या वाचकांसाठी (आमच्या नात्यात पुष्कळ आहेत) वहीतलं थोडं उतरवून ठेवते. गाठ दिसली की तारीख लिहा. सुतळीनं मोजा आणि ती सुतळी जपून ठेवा. फोटो काढताना शेजारी रुपया धरा, म्हणजे आकार कळतो. एकच आहे की अनेक, ताप आहे का, हे बघा. संशय आला तर जनावर वेगळं बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरना कळवा. डाग, बिब्बा, तेजाब काही लावू नका. त्यानं जनावराला यातना होतातच, शिवाय पुढं तपासायला काही उरत नाही. आणि गाठ काढलीच तर ती फेकू नका, तपासायला पाठवा म्हणून हट्ट धरा. बरणी मोठ्या तोंडाची!

आणि शेजाऱ्याच्या जनावराला गाठ दिसली तर आधी त्याच्या गोठ्यात जा, मग बोला.

चांदीच्या बरगडीवर आता बोटभर लांबीचा व्रण आहे. तिथं केस आले नाहीत. गाठ परत आलेली नाही. गावी गेले की मी त्या जागेवरून हात फिरवते. ती मान वळवून माझ्याकडं बघते आणि पुन्हा वैरणीत तोंड घालते. पुढच्या वसुबारसेला, म्हणजे २०२३ मध्ये, बायका आल्या. रतीबवाल्या काकू सगळ्यांच्या आधी आल्या. ओवाळून झाल्यावर त्या व्रणाकडं बोट दाखवून मला म्हणाल्या, “बाई, ह्याचं नाव काय म्हणालात?”

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, घामाची गाठ, घामाची गाठ. मग म्हणाल्या, “साधं नाव आहे की.”

मागच्या आळीतलं कुणी मात्र आलं नव्हतं. जाताना मी त्यांच्याकडं प्रसाद नेऊन दिला. दार उघडलं, प्रसाद घेतला. ‘बसा’ म्हणाले. मी बसले.